सासऱ्याचा खांदा, सुनेची टाच

अनारकानचा आवाज कसा आहे हे त्या दिवसापर्यंत तिच्या घराबाहेर फारसं कुणाला माहीत नव्हतं. तो सगळ्या खोऱ्याला एकदमच ऐकू आला, आणि तोही माझ्या भोंग्यातून, हे मी अजून मिरवून सांगतो. कोक-बोरूचा, म्हणजे घोड्यावरून बकरं पळवायच्या खेळाचा, सामना असला की ट्रकवर उभं राहून बोलायचं काम माझं, म्हणजे या जुमाशचं. घोडे धुळीत गडप झालेले असतात, कुणाच्या हातात बकरं आहे ते खुद्द घोड्यांनाही कळत नसतं, तरी मी न थांबता बोलत असतो, आणि माणसं माझ्यावर विश्वास ठेवतात. एवढी वर्षं घसा फोडला, पण त्या भोंग्यातून गेलेला सगळ्यात भारी शब्द माझा नव्हता. मला त्याचा हेवा वाटत नाही. थोडा वाटतो.

अनारकान ही आमच्या हाडवैद्याची, सुबानालीची, सून. घाटापलीकडच्या गावातून लग्न होऊन आली. नवरा एर्मेक वर्षातला बराच काळ मॉस्कोत इमारतींना गिलावा करत असतो, त्यामुळे घरात सासू, सासरा आणि ही. सून म्हणाल तर आमच्याकडच्या सुना असतात तशीच. सासऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही, त्याच्यासमोर उघड्या पायांनी जायचं नाही, त्याच्याकडं पाठ करायची नाही, आवाज चढवायचा नाही. हे सगळं ती इतकं चोख पाळायची की गावातल्या सासवा आपल्या सुनांना तिचं उदाहरण द्यायच्या आणि त्या सुना मनातल्या मनात तिला शिव्या घालायच्या.

सुबानालीचा हात मात्र सगळ्यांना ठाऊक होता. घोड्यावर बसणाऱ्यांच्या मुलखात हाडवैद्याला कामाची ददात नसते, त्यातून आमचा खेळ असा की बाकी शरीर शाबूत राहतं आणि खांदा निखळतो. मुंडकं नसलेलं बकरं, ओलं, जड. ते धावत्या घोड्यावरून वाकून उचलायचं, मांडीखाली दाबायचं आणि दुसऱ्या टोकाच्या मातीच्या कढईत नेऊन टाकायचं. दहा जण तुमच्या हातातून ते ओढत असतात. सगळा भार खांद्यावर येतो.

या सांध्याबद्दल सुबानाली बोलायला लागला की मला माझ्याच बोलण्याची लाज वाटायची. मांडीचा सांधा खोल वाटीत बसवलेला, तो हलायचं नाव घेत नाही, असं तो सांगायचा. खांद्याचं तसं नाही. दंडाच्या हाडाचा गोळा नुसता बशीवर ठेवलेल्या सफरचंदासारखा. ती बशी म्हणजे पाठीवरच्या पात्याचं टोक, आणि ते पातंही धड कुठं जोडलेलं नाही, मांसात तरंगतंय. सगळ्या धडाशी हाडानं हाड लागतं ते फक्त गळ्याखालच्या आडव्या हासळीतून. "एवढ्याशा खुंटीला अख्खा हात टांगलाय," म्हातारा म्हणायचा, "म्हणून तर तो आकाशापर्यंत जातो. आणि म्हणूनच निखळतो." हे सांगताना त्याचे डोळे असे चमकायचे की जणू ही करामत त्यानंच केलीय.

आता सुनेच्या हातात हे कसं आलं, ते सांगतो. सुबानालीचा एक नियम होता. बाईच्या अंगाला तो हात लावायचा नाही. बायका आल्या की खोलीत फुलाफुलांचा पडदा ओढायचा, स्वतः पलीकडे भिंतीकडे तोंड करून बसायचा आणि तिथून सांगायचा. हात बायकोचे चालायचे, काल्बूबूचे. पण काल्बूबूची बोटं वातानं आखडली तेव्हा तिनं सुनेला पडद्याआड ढकललं. पहिल्याच दिवशी एक मेंढपाळीण आली, घोड्यावरून पडलेली. पडद्यामागून म्हातारा म्हणाला, खांद्यावरची हाडं चाचप आणि काय लागतं ते सांग. अनारकाननं जन्मभर मेंढ्या सोलल्या, कापल्या, रांधल्या. फऱ्याचं पातं आणि त्याला लागलेलं नळीचं हाड तिला अंधारातही ओळखू आलं असतं. तिनं चाचपलं आणि घाबरून पुटपुटली, "आबा, हिला पुढं एक जास्तीचं हाड आहे."

ती हासळी होती. मेंढीला ती नसते. काल्बूबू सांगते की लग्नानंतर पहिल्यांदाच सासरा त्या सुनेसमोर एवढा मोठ्यानं हसला, पडद्याला धरून हसला. मग म्हणाला, "ते जास्तीचं हाड तुलाही आहे, बाळा. स्वतःचं चाचपून बघ, मग तिचं बघ."

अशी ती शिकली. म्हाताऱ्याचा आवाज आणि हिची बोटं. हासळीवरून बाहेर जा, कुठं पायरी लागते का बघ. पात्याच्या कण्यावरून ये. गोळा कुठं सरकलाय, पुढं की मागं. मग आडवं झोपव, काखेत टाच लाव आणि हात आपल्याकडे घे, हिसका द्यायचा नाही, मांसाला दमवायचं. ते दमलं की गोळा आपणहून घरी जातो. तो आत गेला की खट् आवाज यायचा आणि पडद्यापलीकडून दर वेळी तोच प्रश्न यायचा, "आवाज आला?" त्यावर ही हळूच सांगायची, "आला, आबा."

मांस लवकर दमत नसेल तर म्हाताऱ्याची एक खास युक्ती होती. तो माणसाला असं काही विचारायचा की माणूस खांदा विसरायचा. माझा खांदा बसवताना त्यानं विचारलं होतं, तुझ्या बायकोनं लग्नाला होकार दिला तो तुला बघून की तुझ्या घोड्याला बघून. मी संतापून तोंड उघडलं आणि गोळा आत. उत्तर अजून द्यायचं राहिलंय.

पुरुषांच्या अंगाला मात्र अनारकानचा हात लागायचा नाही. घोडेस्वार आले की ती चहा आणून ठेवायची आणि दाराशी उभी राहायची, एवढंच. पण मी नीट पाहिलंय. ज्याचा उजवा खांदा गेलाय त्याच्यापुढं ती वाटी डावीकडं ठेवायची, त्यानं काही सांगायच्या आधी.

तर तो दिवस. शरदातला, जनावरं वरच्या कुरणांवरून खाली आलेली, माणसं घोडीच्या दुधाची आंबूस कुमिस पिऊन खूश. आमचा सामना नदीपलीकडच्या गावाशी होता आणि दोन्हीकडच्या कढईत बकरं सारख्याच वेळा पडलं होतं. बक्षीस म्हणून लोकरीच्या नमद्याचा मोठा नक्षीदार गालिचा माझ्या ट्रकच्या कडेला लटकावलेला. मैदानाच्या काठाला म्हातारे आपापल्या घोड्यांवर बसून शिव्या आणि सल्ले देत होते. त्यात सुबानाली, त्याच्या पांढऱ्या घोड्यावर. तरुणपणी तो खोऱ्यातला नावाजलेला खेळाडू होता. हात लांबवू नका, आधी अंग वाकवा, हे तो प्रत्येक पोराला खांदा बसवताना सांगायचा.

आमचा बाकास बकरं घेऊन सुटला. पलीकडच्यांनी त्याला काठाकडं रेटलं. घोड्यांचा सगळा गोळाच्या गोळा म्हाताऱ्यांच्या अंगावर आला, म्हातारे पांगले, आणि बाकासच्या हातातून बकरं निसटून पडलं ते बरोबर सुबानालीच्या घोड्याच्या पायाशी.

आता तुम्ही सांगा, आमच्यातला कोण थांबला असता? बकरं समोर पडलंय, घोडा खाली आहे, वय काय करणार? मी भोंग्यात ओरडत होतो, "सोडा, आबा, सोडा," आणि खरं सांगायचं तर मनात म्हणत होतो, घ्या, आबा, घ्या. त्यानं घेतलं. हात लांबवून घेतलं. ज्या गोष्टीसाठी त्यानं आख्ख्या खोऱ्याला झापलं तीच केली. बकऱ्याचा पाय मुठीत आला, घोडा बुजून पुढं निघाला, बकरं मागं राहिलं आणि मूठ काही सुटेना. म्हातारा घोड्यावरून अलगद मागं ओढला जाऊन जमिनीवर आला. बकरं तेव्हाही हातात होतं.

धूळ बसली तेव्हा त्याच्या डगल्याचा उजवा खांदा चौकोनी दिसत होता. गोलाई गेलेली, खाली खळगा. असा खांदा आमच्याकडं लहान पोरंही ओळखतात.

त्याला उचलून माझ्या ट्रकवर झोपवलं. मी माईक खोक्यावर ठेवला. त्याचं बटण कधीच मोडलेलं, तो बंद होत नाही, त्याच्या तोंडावर हात दाबून धरावा लागतो. त्या गडबडीत ते कुणाच्या ध्यानात राहणार? बाकास आणि आणखी दोन दांडगट वर चढले आणि म्हणाले आम्ही ओढतो, तिघं लागलो तर लगेच होईल. म्हातारा पांढरा पडला होता तरी त्यानं डाव्या हातानं चाबूक उगारला. मी तालुक्याच्या दवाखान्यात फोन लावला. तिथली डॉक्टर आमच्याच खोऱ्यातली मुलगी, घाईतही नीट बोलली. पुलाचं काम चाललंय, गाडीला वरच्या वाटेनं वळसा घालून यावं लागेल. तिनं बोटांचं विचारलं. मी म्हाताऱ्याला विचारलं. बोटं बधिर होत चालली होती.

ते मी डॉक्टरला सांगितलं. मग ती म्हणाली की गोळा नसेवर दाबून बसलाय, असं असेल तर फार वेळ थांबणं बरं नाही, हाताचा जोर कायमचा जाऊ शकतो. ओढाओढ करणाऱ्यांना मुळीच हात लावू देऊ नका. पण शिकलेला हात कुणाचा असेल तिथं, तर त्यानं हळूहळू करावं, मी फोनवर आहे.

शिकलेला हात त्या ट्रकवर आडवा पडलेला होता. तो हात गेला तर खोऱ्याचं काय होणार, हे सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं.

काल्बूबू चाक धरून वर चढली. "घरात आहे की शिकलेला हात," ती म्हणाली.

सुबानालीला कळायला क्षणही लागला नाही. "ती नाही."

"का नाही?"

"सासऱ्याच्या काखेत सुनेचा पाय? मी मेल्यावर लाव म्हणावं."

"मेल्यावर खांदा बसवून कुणाला दाखवायचाय?" काल्बूबू म्हणाली. मग तिनं ट्रकच्या कडेवरचा तो बक्षिसाचा गालिचा ओढून काढला. बाकासला एक टोक दिलं. दुसरं टोक कुणी धरायचं, तर पलीकडच्या गावाचा कप्तान घोडा घेऊन पुढं आला आणि त्यानं धरलं. घोड्यांवर बसलेले दोन शत्रू, मध्ये ताणलेला गालिचा. त्याच्या एका बाजूला म्हाताऱ्याचं तोंड, दुसऱ्या बाजूला त्याचा खांदा आणि हात. पडदा तयार झाला, फक्त या वेळी म्हातारा चुकीच्या बाजूला होता.

अनारकान चहाच्या समोवारपाशी बायकांत उभी होती. मी वळून पाहिलं तर ती कधीच निघाली होती. चालता चालता तिनं बूट काढले, मोजे काढले, ते सासूच्या हातात दिले आणि ट्रकवर चढली. रंग उडालेला, ओठ घट्ट. सासऱ्याला तिनं आधी हातानं विचारलं असावं, कारण बोटं नुसती खांद्याजवळ आणून ती थांबली. गालिच्यापलीकडून या वेळी नकार आला नाही. मग तिनं बोटं ठेवली.

"हासळी सरळ आहे," ती स्वतःशीच बोलली, आणि ते भोंग्यातून मैदानभर गेलं. "शेवटपर्यंत सरळ. पायरी नाही. पात्याचा कणा शाबूत. गोळा पुढं आलाय, हासळीखाली."

मैदानातले घोडे एकेक करून थांबायला लागले. कुणाचा आवाज म्हणून माणसं इकडंतिकडं बघत होती.

गालिच्यापलीकडून सवयीनंच प्रश्न आला, "करकर लागते का बघ. फुटलं असेल तर हात काढ."

"नाही करकरत, आबा."

"मग वाट कसली बघतेस?"

तिनं बैठक मारली, हात धरला आणि टाच काखेत लावली. त्याबरोबर म्हातारा ओरडला, की टाच आहे की बर्फ. सगळं मैदान हसलं. तो हसला नाही. ती ओढायला लागली, हळूहळू, तशीच, न सोडता. मी इतक्या जवळ होतो की तिच्या मनगटाच्या शिरा मला दिसत होत्या. पण खांदा काही दमेना. ज्यानं जन्मभर सगळ्यांना अंग सैल सोडायला शिकवलं त्याला स्वतःला ते जमत नव्हतं. लाजेनं तो आणखी आखडला होता.

तिनं विचारलं, आबा, एर्मेकचा फोन आला होता का. पलीकडून उत्तर आलं, "माझ्या युक्त्या माझ्यावर नको." तिनं पांढऱ्या घोड्याचं काही काढलं. खांदा तसाच. मी म्हटलं, आबा, माझ्या बायकोनं होकार मलाच बघून दिला होता. त्यावरही त्यानं टोमणा मारला नाही, म्हणजे किती दुखत असेल बघा. माझ्या कानाला लावलेल्या फोनवरून डॉक्टर विचारत होती, बोटं कशी आहेत. बोटं राखाडी होत होती. अनारकानची पकड सरकायला लागली, कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला. तो पुसायला तिला हात नव्हता. मला वाटलं, आता ही सोडणार.

तिनं मान वर केली, गालिच्याकडं सरळ बघितलं आणि स्वच्छ आवाजात म्हणाली,

"सुबानाली."

भोंग्यानं ते नाव समोरच्या डोंगरावर नेऊन आपटलं आणि डोंगरानं परत पाठवलं. समोवारपाशी कुणा म्हातारीच्या हातून वाटी पडली. सून सासऱ्याचं नाव घेते, ते असं, उघड्यावर, दोन गावांसमोर. बाकासनं हातातलं टोक जवळजवळ सोडलंच होतं. आणि गालिच्यापलीकडं त्या माणसाच्या सगळ्या अंगातलं बळ एकदम गेलं, तो खांदा विसरला, स्वतःचं नाव सोडून सगळं विसरला.

खट्.

तो आवाजही भोंग्यातून गेला. मी पैज लावतो, कुठल्याही खोऱ्यानं सांधा बसल्याचा आवाज इतका मोठ्यानं ऐकलेला नाही.

अनारकाननं हात तसाच धरून ठेवला, अलगद आत वळवला आणि छातीवर ठेवला. मग धाप टाकत, म्हाताऱ्याचा सवयीचा प्रश्न तिनं विचारला. विचारायचा तिचा हा पहिलाच दिवस.

"आवाज आला?"

आधी पलीकडच्या गावाचा कप्तान म्हणाला, आला. मग बाकास. मग घोड्यांवरचे, ट्रकांवरचे, कुमिसचे बुधले घेऊन बसलेले, बायका, पोरं, सगळं मैदान ओरडलं, "आला!" माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी धुळीवर ढकललं. काल्बूबू तोंडाला डोक्यावरच्या रुमालाचं टोक लावून हसत होती की रडत होती ते तिलाच माहीत.

मग सगळे गालिच्याकडं बघायला लागले, कारण ज्यानं बोलायला हवं होतं तो अजून बोलला नव्हता. गालिचा खाली आला. सुबानाली आढ्याकडं बघावं तसा आभाळाकडं बघत पडला होता. त्यानं उजव्या हाताची बोटं हलवून पाहिली. एक, मग सगळी. अनारकान पाय अंगाखाली घेऊन, मान खाली घालून बसली होती, आणि आता तिच्या लक्षात आलं होतं की आपण काय केलं.

"काल्बूबू," म्हातारा म्हणाला, "त्या पोरीला मोजे घालायला सांग. पाय गारठलाय तिचा."

अनारकान सासूच्या हातातले बूट ओढून घेऊन ट्रकवरून उडी मारून पळाली. जाता जाता तिची नजर खोक्यावर गेली. "दादा, हे चालू होतं?" तिनं मला विचारलं. मी सांगितलं की ते बंदच होत नाही. त्यानंतर बरेच दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

सामना आम्ही हरलो. गालिचा पलीकडच्यांनी नेला आणि मी तो शेवटचा गोल इतका वाईट सांगितला की माझं मलाच कळलं नाही. सुबानालीला दवाखान्यात नेलं, डॉक्टरनं हाडाचा फोटो काढला, सगळं जागेवर होतं. हात गळ्यात बांधून तो घरी आला.

पुढच्याच आठवड्यात बाकासचा खांदा गेला. मीच त्याला घेऊन गेलो. सुबानाली उन्हात बसला होता. त्याचा बांधलेला हात बघून बाकास ओशाळला आणि म्हणाला, तुम्ही बरे झालात की येतो, आबा, तोवर कसं तरी सोसतो.

"बस गप," म्हातारा म्हणाला. "हाडवैद्य पाण्याला गेलीय."

बाकासनं माझ्याकडं पाहिलं. मी त्याच्याकडं पाहिलं. तेवढ्यात फाटकातून अनारकान आली, दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या. आम्हाला बघून ती थांबली. बाकासच्या चौकोनी खांद्यावर तिची नजर गेली, मग सासऱ्याच्या पायांवर, मग जमिनीवर.

सुबानाली उठला. अंगण ओलांडून तिच्याकडं गेला आणि आपल्या धड हातानं तिच्या हातातली एक बादली काढून घेतली. पाणी थोडं त्याच्या बुटावर सांडलं.

"अनारकान," तो म्हणाला, "बाकास कधीचा थांबलाय."